मशीन बंद होतं

"आणि पुरुषांना शिकवताना तुम्ही कुठे उभे राहायचात?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

प्रश्न साधा होता. आठ बैठकांपैकी ही चौथी, आणि तिची वीसेक मिनिटं झाली होती. तोवर त्यानं नेहमीचं सगळं सांगून टाकलं होतं. आपलं काम हाताचं, ते तोंडानं सांगून येत नाही. मेणात दाढ कोरायची तर सुरी किती दाबायची, मनगट कुठे वळवायचं, हे शिकणाऱ्याच्या हातावर हात ठेवल्याशिवाय कळायचं कसं? आपल्या गुरूंनी आपल्याला असंच शिकवलं, आपण पुढच्यांना असंच शिकवलं आणि त्या मुलीलाही तसंच. हे त्यानं चौकशी समितीपुढे सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं, आधीच्या तीन बैठकांत सांगितलं होतं, आणि दर वेळी सांगताना ते आणखी गुळगुळीत झालं होतं. बाईंचा आवाज चढला नाही की उतरला नाही. पत्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं. "तसाच, मागे," हे उत्तर त्याच्या जिभेवर आलंही होतं, पण त्याच्या आधी डोळ्यांपुढे टेबल आलं. डाव्या हाताला खिडकी, बर्नरची निळी ज्योत, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, आणि इतक्या वर्षांत त्याच्याकडे शिकून गेलेले चौघं जण एकामागून एक त्याच खुर्चीत बसलेले. एक नखं खायचा. एक डावखुरा होता. आणि तो स्वतः? तो त्यांच्या मागे कुठेच नव्हता.

"समोर," तो म्हणाला.

"समोर म्हणजे?"

"टेबलाच्या पलीकडे. स्टुलावर."

"आणि हात?"

हात. हातात चहाचा कप असायचा. कुणाचं चुकलं की तो सुरीच्या मुठीनं टेबलावर टकटक करायचा आणि म्हणायचा, पुन्हा. डावखुऱ्याला तर त्यानं एकदा अख्खा दिवस नुसतं पुन्हा पुन्हा म्हणत कोरायला लावलं होतं, आणि संध्याकाळी तो गडी रडकुंडीला आला तेव्हा कुठे दाढ दाढेसारखी दिसायला लागली होती. त्या चौघांपैकी एकाच्याही हाताला आपला हात लागल्याचं त्याला आठवेना. त्यानं खूप आठवून पाहिलं, कारण एक जरी सापडला असता तरी पुरे होतं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"आठवेल. घाई नाही," बाई म्हणाल्या.

त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यानं कधी शिकवलं नव्हतं. दात बनवायच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली आणि नव्या माणसाला हाताखाली घेऊन तयार करायचं काम आपसूक त्याच्याकडे आलं, म्हणून मास्तर. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढायचे, जबड्यावर मेणाचा दात कोरायचा, मग ओतकाम, भट्टी, घासणं, चकाकी. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी एकच विनोद सांगायचा: दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमचं भरतं. सगळे हसायचे. ती मुलगीही हसली होती. अभ्यासक्रम पुरा करून ती आली तेव्हा त्याला वाटलं होतं, पुस्तकी असणार. पण चौथ्या दिवशी तिनं खालची पहिली दाढ कोरून त्याच्यापुढे ठेवली आणि तो बघतच राहिला. दाढेचे पाचही उंचवटे जागच्या जागी, खाचा अशा की वाटावं या दातानं तीस वर्षं चावलंय. त्याला स्वतःला तिथवर यायला वर्ष लागलं होतं. तेव्हा काय वाटलं होतं आपल्याला? आनंद झाला होता, हे खोटं नाही. पण आनंदाच्या पोटात आणखी काहीतरी होतं, आणि त्याचं नाव त्यानं तेव्हा काढलं नाही. तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या मागे गेला आणि म्हणाला, "छान आहे. पण कड जरा अशी," आणि तिच्या हातावर हात ठेवला. कडेला काहीच झालेलं नव्हतं.

त्या चौथ्या बैठकीहून तो चालतच निघाला. बैठकीची खोली एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती, खाली पडद्यांच्या कापडाचं दुकान. खोलीत दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, किंचित तिरक्या. म्हणजे माणसाला हवं तर भिंतीकडे बघता यावं. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा त्याला वाटलं होतं, इथे बायका रडायला येत असतील, आपलं काय काम? भट्टी सांभाळणारा त्याचा जुना दोस्त म्हणालाही होता, "अरे, जायचं, बसायचं, मान हलवायची आणि यायचं. आठ वेळा मान हलवलीस की सुटलास." समितीचं पत्र हातात पडल्यापासून आधार होता तो या भट्टीवाल्याचा आणि बायकोचा. पत्रात चार कलमं होती: वर्षभर कुणाला शिकवायचं नाही, बसायची जागा घासकामाच्या खोलीत, समुपदेशनाच्या आठ बैठका आणि शेवटी लेखी माफी. तक्रारीतल्या गोष्टी 'सिद्ध झाल्या आहेत' असं लिहिलं होतं. सिद्ध हा शब्द त्यानं तोवर गणितात ऐकला होता. बायकोनं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "सव्वीस वर्षं एका जागी घालवल्याचं हे बक्षीस. माझा माणूस मला ठाऊक आहे." त्या वाक्यानं त्याला इतकं बरं वाटलं होतं की तो त्या रात्री गाढ झोपला.

पहिल्या बैठकीत तो म्हणाला होता, मला धाकट्या दोन बहिणी आहेत, मी कसा असं करीन? बाई म्हणाल्या, "बहिणींचं त्यांना विचारू. आपण तुमचं बोलू." दुसऱ्या बैठकीत म्हणाला, आजकालच्या मुलींना काही बोलायची सोय नाही. बाईंनी विचारलं, "काय बोलायचं होतं?" तेव्हा त्याला सांगता येईना. तिसऱ्या वेळी त्यांनी त्याला कागद दिला आणि जे घडलं ते लिहायला सांगितलं, अट एकच: फक्त, जरा, सहज, चुकून आणि नुसतं हे शब्द वापरायचे नाहीत. घरी बसून त्यानं दीड पान लिहिलं. मग ते शब्द शोधून शोधून खोडले, आणि त्यांच्या आधारावर उभी असलेली वाक्यं एकेक करून पडायला लागली. शेवटी चार ओळी उरल्या. मी तिच्या मागे उभा राहून हातावर हात ठेवत असे. मी तिला संध्याकाळी फोनवर संदेश पाठवत असे, कामाचे आणि तिच्या कपड्यांच्या रंगाचे. ती उत्तर देत नसे तरी पाठवत असे. प्लास्टरच्या खोलीत मी तिच्या गालावरचं प्लास्टर पुसलं. त्या चार ओळी बघून त्याला राग आला होता. वाटलं होतं, असं उघडंवाघडं लिहिलं तर कुणाचंही काहीही वाईटच दिसेल.

आता रस्त्यानं जाताना तो गुरूंना आठवत होता. गुरू म्हणजे त्याच प्रयोगशाळेतला म्हातारा कारागीर, जाड भिंगाचा चष्मा, बोटांना कायम मेणाचा वास. आपल्या गुरूंनी आपल्याला असंच शिकवलं हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की म्हाताऱ्याचा हात आपल्या हातावर असल्याचं त्याला स्पष्ट दिसायचं, त्या हातावरचे डागसुद्धा. पण आज त्यानं ते चित्र नीट धरून ठेवायचा प्रयत्न केला, तर हात होता, मात्र त्या हाताला मागे माणूस नव्हता. म्हातारा कुठे उभा होता? म्हातारा तर उठतच नसे. त्याचे गुडघे गेले होते. तो आपल्या खुर्चीतून म्हणायचा, "आण इकडे," आणि दात हातात घेऊन, भिंगाखाली धरून, एक शब्द न बोलता बर्नरवर वितळवून टाकायचा. मेणाचा थेंब व्हायचा. झालं, हेच शिकवणं. एकत्र काढलेल्या सगळ्या वर्षांत त्या माणसानं त्याच्या खांद्यावर एकदा हात ठेवला होता, तोही स्वतः निवृत्त झाला त्या दिवशी. म्हणजे ते चित्र त्यानं समितीच्या खोलीत बनवलं होतं. उभ्या उभ्या, प्रश्नाच्या उत्तरादाखल. आणि मग त्यावर स्वतःच विश्वास ठेवला होता. तो एका दुकानाच्या पायरीशी थांबला. दुकानदारानं विचारलं, काय पाहिजे? त्याला काहीच नको होतं, तरी त्यानं एक काड्यापेटी घेतली.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तो कोरकामाच्या खोलीच्या दारावरून गेला. त्या खोलीत जायची त्याला बंदी नव्हती, पण कुणी न सांगताही तो जात नसे. ती मुलगी कामात होती. तिनं आपलं टेबल हलवलं होतं, हे त्याला महिन्यापूर्वीच भट्टीवाल्याकडून कळलं होतं. "महाराणींनी सिंहासन कोपऱ्यात नेलंय," असं तो म्हणाला होता. आता त्यानं पाहिलं. टेबल समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात होतं, ती भिंतीला पाठ लावून बसली होती, दार तिच्या समोर. खिडकी तिच्यापासून सगळ्यात लांब होती. उजेड उजवीकडून येत होता, तोही अर्धा, आणि तिचा स्वतःचाच हात कामावर सावली पाडत होता. टेबलावर तिनं एक दिवा लावला होता. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. दिव्याच्या उजेडात मेणाचे उंचवटे सपाट दिसतात, खाचा खोल वाटतात, डोळ्यांतून पाणी येतं. कोरणारा माणूस एकवेळ खुर्ची सोडील पण डावीकडची खिडकी सोडायचा नाही. त्या खिडकीसाठी त्यानं स्वतः उमेदवारीत एकाशी अबोला धरला होता. तिनं ती सोडली होती, पाठीला भिंत मिळावी म्हणून. आणि तो तर आता त्या खोलीत नव्हताच. ती वर बघायच्या आत तो पुढे निघून गेला.

त्याच आठवड्यात सगळ्यांचं प्रशिक्षण झालं. पुढच्या दालनातले ठशांचे खोके हलवून अकरा खुर्च्या मांडल्या होत्या. प्रशिक्षक तरुण होता, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होता. एका चित्रात एक माणूस संगणकावर बसलेल्या बाईच्या पाठीमागून वाकून काहीतरी दाखवत होता. "इथे काय चाललंय?" प्रशिक्षकानं विचारलं. अकरा माणसं पडद्याकडे बघत राहिली. इतकं सरळ आणि इतक्या एकाग्रतेनं त्या माणसांना काही बघताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. कुणाची मान चुकूनही त्याच्याकडे वळली नाही, आणि त्यावरूनच कळत होतं की सगळे त्याच्याकडे बघताहेत. मग भट्टीवाला म्हणाला, "म्हणजे आता सुरी मागायची तरी लेखी अर्ज करायचा का?" हशा झाला. प्रयोगशाळेचे मालक डॉक्टर, तेही ओठांत हसले. त्याला स्वतःलाही हसू आलं, मैत्रीखातर, आणि ते येत असतानाच त्याला पहिल्या ओळीतली तिची पाठ दिसली. ती हसली नाही. वळलीही नाही. तिचे खांदे थोडे वर गेले आणि तिथेच थांबले, जसे कुणी मागे येऊन उभं राहिलं की जातात. हे खांदे त्याला ओळखीचे होते. चार महिने ते असे वर जाताना त्यानं अगदी जवळून पाहिले होते आणि म्हटलं होतं, लाजते आहे.

जेवणाच्या सुट्टीत भट्टीवाला त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कसा हाणला? तुझ्यासाठीच बोललो."

"पुन्हा बोलू नकोस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे बोलू नकोस. तिचं खरं आहे."

भट्टीवाल्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "आठ वेळा मान हलवायला सांगितली होती," तो म्हणाला, "डोकं ठेवून यायला नव्हतं सांगितलं." मग तो डबा बंद करून उठला, आणि दुसऱ्या दिवसापासून प्लास्टरच्या खोलीतल्या दोघांबरोबर जेवायला बसू लागला. भांडण असं झालंच नाही.

पाचव्या बैठकीत त्यानं खुर्चीत बसल्याबसल्या सांगून टाकलं. घरून निघताना काही ठरवलं नव्हतं. "मशीन बंद होतं," तो म्हणाला.

बाईंनी समितीचा अहवाल वाचला असणार. त्यांना माहीत असणार. प्लास्टरचे जबडे घासून सारखे करायचं यंत्र, चालू असलं की कानठळ्या बसतात. ती मुलगी त्या दिवशी प्लास्टरच्या खोलीत एकटी होती. तो आत गेला, दार लोटलं. धूळ बाहेर जाऊ नये म्हणून लोटलं, असं त्यानं समितीला सांगितलं होतं. तिच्या गालावर पांढरा फराटा होता. तो त्यानं अंगठ्यानं पुसला. तक्रारीत तिनं लिहिलं होतं की मी नको म्हटलं. त्यावर तो समितीला म्हणाला होता, मशीन चालू होतं, मला ऐकूच आलं नाही. समितीतल्या दोघांनी मान डोलावली होती. त्या मशीनचा आवाज सगळ्यांनाच माहीत. त्या मुद्द्यापुरतं त्याला संशयाचा फायदाही मिळाला होता.

"बंद कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मीच. आत गेल्या गेल्या. तिचं लक्ष वेधायला."

"मग ती काय म्हणाली ते ऐकू आलं."

"आलं. 'मी पुसते, मास्तर,' असं म्हणाली."

"आणि?"

"मी दुसरा गालही पुसला."

"त्याच्यावर प्लास्टर होतं?"

"नव्हतं."

खालच्या दुकानात कुणीतरी कापड फाडत होतं. लांब, सरळ आवाज येत होता. बाईंनी विचारलं, "तिनं नको म्हटलं आणि तुम्ही दुसरा गाल पुसलात, त्या मधल्या वेळात तुमच्या मनात काय होतं? आत्ता काय वाटतं ते नको. तेव्हाचं."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. तेव्हाचं त्याला लख्ख आठवत होतं. इतके दिवस ते न आठवायला मेहनत घ्यावी लागली होती. ते वासनेसारखं काही गरम नव्हतं. ते थंड होतं, हिशेबी होतं, एखादा साचा घट्ट बसला की नाही हे बोटानं दाबून बघावं तसं. "वाटलं," तो म्हणाला, "की ही कुणाला काही सांगणार नाही. हिला शिकायचंय. आणि शिकवणारा मी." मग तो म्हणाला, "खरं तर तिला तेव्हा माझ्याकडून शिकायचं काही उरलं नव्हतं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला झाला होता. ते मला दिसत होतं. तिला दिसू नये असं वाटत होतं."

त्याला वाटलं, आता बाई काहीतरी म्हणतील. हे सांगायला किती जड गेलं हे त्यांना कळलंच असेल. बाई म्हणाल्या, "हे घरी माहीत आहे?"

"बायकोला पत्र दाखवलंय."

"हे माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं माझ्यावर बालंट आलंय."

"वाटतं, की तुम्ही सांगितलंत?"



माफीचं पत्र लिहायला त्याला दोन आठवडे लागले. पहिल्या मसुद्यात 'तुझ्या भावना दुखावल्या असतील तर' असं होतं. बाईंनी 'तर' खाली पेन्सिलीनं रेघ मारली. दुसऱ्यात त्यानं स्वतःला इतकी दूषणं दिली होती की बाई म्हणाल्या, "हे वाचून तिला तुमची समजूत काढावी लागेल." तिसऱ्या वेळी त्यानं घडलं ते लिहिलं, मशीन बंद होतं हेही लिहिलं, ते तो समितीलाही लेखी कळवत आहे असं लिहिलं, आणि खिडकीजवळची जागा रिकामी आहे, तिकडे मी कधी येणार नाही, असं लिहिलं. ते चांगलं उतरलं होतं. उंचवटे जागच्या जागी. शेवटच्या बैठकीला तो ते पांढऱ्या पाकिटात घालून, नवा शर्ट घालून गेला.

"तिला विचारलं मी," बाई म्हणाल्या. "तिला नको आहे."

"वाचलं का तिनं?"

"नाही. पत्र घ्यायचं का, एवढंच विचारलं. नको म्हणाली. तो तिचा हक्क आहे. समितीला लिहिलेलं मात्र पोचलंय. ते तिच्या फायलीत लागेल."

"पण मी खरं लिहिलंय," तो म्हणाला. "दोन आठवडे..."

"हो. चांगलं लिहिलंय."

"मग याचं मी काय करू?"

"तुमच्याजवळ राहील," बाई म्हणाल्या.

त्याला राग आला, आणि कुणाचा आला ते कळेना. बाईंनी छापील कागदावर सही केली. आठ बैठकांना हजर राहिल्याचं प्रमाणपत्र होतं ते. त्यानं वाचून विचारलं, "सुधारणा झाली वगैरे, असं काही नाही लिहीत?"

"ते मला कसं कळणार?" बाई म्हणाल्या. "आलात एवढं मी लिहू शकते." आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या. दारापर्यंत त्याला सोडायला आल्या.

घरी पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बायको औषधाच्या दुकानात कामाला होती, दोनची पाळी. ती जेवून, भांडी आवरून, केस विंचरत होती. त्याला बघून म्हणाली, "संपली एकदाची कटकट. आता कुणापासून तोंड लपवायला नको."

"बस जरा," तो म्हणाला.

"उशीर होतोय हो."

"बस."

ती फणी हातात घेऊनच बसली. त्यानं सांगितलं. बाईंपुढे सांगितलं होतं तसंच सांगायला गेला, पण इथे ते तसं येईना. मध्येच फक्त आलं, जरा आलं, ते त्यानं मागे घेतलं आणि वाक्य पुन्हा म्हटलं. संदेशांचं सांगितलं. मशीनचं सांगितलं. दुसऱ्या गालाचं सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की ती म्हणाली, "काय?" आणि ते त्याला पुन्हा सांगावं लागलं. तो तिच्या रडण्याची वाट पाहत होता, ओरडण्याची, आपल्याकडे नसलेल्या कुठल्यातरी उत्तराची मागणी होईल याची. बायकोनं फणीतले केस काढले, त्यांची गुंडाळी केली.

"मग मी तिच्या आईला बोलले त्याचं काय?" ती म्हणाली.

"कुणाच्या आईला?"

"त्या मुलीच्या. येते ना ती दुकानात. यायची. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायची दर महिन्याला. पत्र आलं त्याच आठवड्यात आली होती. नाव, पत्ता असतो आमच्याकडे, मला आधीपासून माहीत होतं कुणाची आई ते."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला आणखी त्रास कशाला म्हणून नाही सांगितलं."

"काय बोललीस?"

"दुकानात माणसं होती पाच-सहा. मी म्हटलं, मुलीला आवरा. काम शिकायला पाठवता की लोकांचे संसार मोडायला? म्हटलं, आमच्या माणसाला मी पंचवीस वर्षं ओळखते, तुमची मुलगी आलीय चार महिन्यांपूर्वी." ती हे अगदी सावकाश, जसंच्या तसं सांगत होती, चिठ्ठीवरचं औषध वाचावं तसं. "तिनं गोळ्या पिशवीत टाकल्या. जाताना म्हणाली, 'मी विचारते तिला.' एवढंच. 'मी विचारते तिला.' मला तेव्हा वाटलं, जिंकले." तिनं केसांची गुंडाळी फणीशेजारी ठेवली. "घरी जाऊन विचारलं असेल ना तिनं? पोरीला. आईनं विचारलं असेल, खरंच काही झालं होतं का गं?"

त्यानं हात पुढे केला, आणि तो तिच्या हातावर जायच्या आधीच मागे घेतला. तिनं ते पाहिलं.

"आता ती लांबच्या दुकानात जाते," बायको म्हणाली. "त्या गोळ्या सगळीकडे मिळत नाहीत. दोन बस बदलून जात असेल."

"त्यांना भेटायला जाऊ नकोस," तो म्हणाला. "तिला माझं पत्रही नकोय. बाई म्हणाल्या, तो हक्क..."

"मी तिच्या घरी जात नाहीये. मी दुकानात जातेय," ती म्हणाली. "तेव्हा तिथे मालक होते. शेजारची शिंपीण होती, वरच्या मजल्यावरचे दोघं होते. रोज येतात ते. त्यांना सांगणार आहे, मी बोलले ते खोटं होतं. निदान तिच्या आईच्या माघारी तरी पोरीचं नाव नीट राहू दे." ती उठली. आरशात न बघताच तिनं केस बांधले, पिशवीत पाण्याची बाटली टाकली.

"मी येऊ का बरोबर?" त्यानं विचारलं. "मीच सांगतो त्यांना."

तिनं या प्रश्नाचा खरोखर विचार केला. चप्पल घालताना ती क्षणभर वाकलेलीच राहिली. "नको," ती म्हणाली. "माझं मी बोलले होते. तुमचं तुम्ही बघा." मग दाराची कडी काढून, वळून न बघता म्हणाली, "जाते मी."

पंचवीस वर्षं ती निघताना 'येते' म्हणत आली होती. तो दारात उभा राहून जिन्यावरची तिची पावलं ऐकत राहिला. ती कुठे थांबली नाहीत, आणि त्यानंही हाक मारली नाही.